क्लीनरूममधला गॉगल नेमका कुणाला वाचवतो?

पुण्यात गॉगल म्हटलं की दुचाकी, स्कार्फ आणि ऊन एवढंच डोळ्यांसमोर येतं. स्कार्फनं चेहरा करकचून बांधलेली, वर काळा गॉगल चढवलेली मुलगी सिग्नलला उभी आहे, हे चित्र या शहरात कुणाला नवं नाही. त्यामुळे इंजेक्शनं भरण्याच्या विभागात नव्यानं आलेली मुलं-मुली पहिल्याच आठवड्यात मला हमखास विचारतात, "मॅडम, आत ना ऊन, ना धूळ, ना काही उडतंय. मग गॉगल कशाला?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर नीट दिलं नाही तर पुढची सगळी शिकवणी वाया जाते. बाहेरच्या जगात गॉगल डोळ्याला बाहेरच्या गोष्टींपासून वाचवतो. क्लीनरूममध्ये तो हे काम करतोच, पण त्याआधी त्याचं दुसरं काम सुरू झालेलं असतं: औषधाला तुमच्यापासून वाचवणं. एकाच वस्तूला दोन्ही दिशांनी राखण करायची असते. कोणता गॉगल घ्यायचा, तो कसा धुवायचा, कुठे हात लावायचा नाही, हे सगळं इथूनच ठरतं.

क्लीनरूम म्हणजे हवेतले कण मोजूनमापून कमी केलेली खोली. आयएसओ १४६४४ या मानकाप्रमाणे वर्ग ५ च्या हवेत, एका घनमीटरमध्ये अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण जास्तीत जास्त ३,५२० असावे लागतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे अर्धा मायक्रॉन ही काय चीज आहे ते लक्षात येईल. जिथे उघड्या वायलमध्ये, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या बाटलीत, औषध पडतं त्या जागेला आम्ही ग्रेड ए म्हणतो, आणि तिच्या भोवतालच्या खोलीला ग्रेड बी. ग्रेड ए मध्ये कणांची मर्यादा हीच, आणि जिवंत जंतू मात्र एकही उगवलेला चालत नाही.

आता चेहऱ्याकडे बघा. डोक्याला हूड, तोंडाला मास्क, अंगात पायघोळ गाऊन. उघडं काय राहतं? कपाळाची एक पट्टी, भुवया, पापण्या, डोळ्यांच्या कडा आणि नाकाचा वरचा भाग. त्वचा सतत झडत असते आणि सुटणाऱ्या खपलीवर जंतू स्वार होऊन येतात. जंतू तपासायच्या आमच्या पोषक प्लेट्सवर जे उगवतं त्यात माणसाच्या कातडीवर राहणारे स्टॅफिलोकॉकस आणि मायक्रोकॉकस नेहमी भेटतात. वरच्या हेपा फिल्टरमधून, म्हणजे बारीक कण अडवणाऱ्या गाळणीतून, स्वच्छ हवा सेकंदाला साधारण ०.४५ मीटर वेगानं सरळ खाली येत असते. वायलवर कुणी वाकून बघितलं, तर ती हवा आधी त्याच्या कपाळाला लागते आणि मग वायलच्या तोंडाशी पोचते. बऱ्याच लशी आणि प्रथिनांची औषधं भरून झाल्यावर ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या गरम वाफेत, घालता येत नाहीत, कारण उष्णतेनं औषधच निकामी होतं. म्हणजे भरताना आत जे गेलं ते तसंच रुग्णाच्या शरीरात जाणार. म्हणूनच युरोपच्या जीएमपी, म्हणजे औषधनिर्मितीच्या, नियमांचं अ‍ॅनेक्स १, जे २०२२ मध्ये सुधारलं आणि २५ ऑगस्ट २०२३ पासून लागू झालं, ते ग्रेड ए आणि बी मध्ये निर्जंतुक मास्क आणि निर्जंतुक गॉगल मिळून चेहऱ्याची सगळी त्वचा झाकली गेलीच पाहिजे असं सांगतं.

पुण्याला हे नवं नाही. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली, आणि आज हडपसरपासून हिंजवडीपर्यंत कितीतरी घरांतलं कुणीतरी रोज कंपनीच्या बसनं जाऊन हा गाऊन चढवतं. मी यातलीच एक. काही वर्षं लाइनवर काढली, आता नव्या ऑपरेटरना गाऊनिंग शिकवते.

दुसरी दिशा, म्हणजे डोळ्याची राखण, मी स्वतः महागात शिकले. पहिल्या नोकरीत जंतुनाशक पातळ करायचं काम माझ्याकडे होतं. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पेरॅसिटिक अ‍ॅसिडचं मिश्रण, बुरशी-जंतूंचे बीजाणूही मारणारं. मूळ कॅनमधलं द्रावण कातडी भाजेल इतकं जहाल असतं. मला नंबरचा चष्मा आहे. काच डोळ्यापुढे आहेच, मग आणखी काय घालायचं, असं मला वाटायचं. गॉगल कपाटात कुलूपबंद असायचे आणि किल्लीसाठी सुपरवायझरना शोधत फिरावं लागायचं, हेही खरं. मापपात्रात ओतताना एक थेंब उडाला, भुवईवर पडला आणि चष्म्याच्या वरच्या फटीतून थेट डोळ्यात उतरला. जोडीदारीण मला दंडाला धरून आयवॉशपाशी, म्हणजे डोळे धुवायच्या नळापाशी, घेऊन गेली आणि बोटांनी माझ्या पापण्या उघड्या धरून उभी राहिली. पंधरा मिनिटं किती लांब असतात ते मला त्या दिवशी कळलं. डोळा वाचला. आठवडाभर उजेड सहन होत नव्हता.

नंबरचा चष्मा म्हणजे सेफ्टी गॉगल नव्हे, हे मी तेव्हापासून प्रत्येक बॅचला सांगते. चष्मा वरून, बाजूनं, खालून उघडा असतो. बाजूला पाखं असलेला सेफ्टी चष्मासुद्धा समोरून उडणाऱ्या तुकड्यांसाठी ठीक, वरून येणाऱ्या थेंबासाठी नाही. द्रव हाताळायचा असेल तर चेहऱ्याला सगळीकडून टेकणारा गॉगलच हवा. त्यातही आम्ल आणि अल्कली यांत फरक आहे. बहुतेक आम्लं डोळ्याच्या पृष्ठभागावरची प्रथिनं गोठवतात आणि त्या गोठलेल्या थरानं स्वतःलाच थोडं अडवतात. कॉस्टिक सोड्यासारखी अल्कली मात्र पेशींमधल्या चरबीचा साबण करत आत-आत शिरत राहते. टाक्या आणि पाइप धुवायला आपण कॉस्टिक सर्रास वापरतो आणि रोजचं आहे म्हणून त्याला कमी भितो. माझ्या मते आम्लापेक्षा त्याला जास्त भ्यायला हवं.

इथे एक गोष्ट नव्या माणसाला कुणी सांगत नाही. ग्रेड ए आणि बी मध्ये सिंक आणि गटाराचं तोंड असायला बंदी आहे, कारण ओल म्हणजे जंतूंचं घर. म्हणजे तिथे आयवॉश बसवता येत नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅन्सीच्या मानकाप्रमाणे आयवॉश दहा सेकंदांत गाठता यावा आणि त्यातून पंधरा मिनिटं सलग पाणी मिळावं. ग्रेड बी मधून दारं, एअरलॉक ओलांडत कोण दहा सेकंदांत पोचणार? म्हणून मूळ जहाल रसायन बाहेरच्या, खालच्या ग्रेडच्या तयारी खोलीत, आयवॉशच्या शेजारीच पातळ करायचं आणि आत फक्त तयार, गाळलेलं द्रावण न्यायचं. आत निर्जंतुक सलाइनच्या आयवॉश बाटल्या ठेवतात, पण त्या बाहेर पोचेपर्यंतच्या आधारापुरत्या.

गॉगल निवडताना आधी त्यावर कोरलेली अक्षरं वाचा. युरोपच्या ईएन १६६ मानकात फ्रेमवर ३ असेल तर तो थेंब-शिंतोड्यांसाठी, ४ म्हणजे जाड धूळ, ५ म्हणजे वायू आणि बारीक धूळ. काचेवर एन असेल तर ती वाफ धरत नाही, के असेल तर बारीक ओरखड्यांना टिकते. अमेरिकन झेड ८७.१ या मानकात हेच डी३, डी४, डी५ असं लिहिलेलं सापडेल. आता ईएन १६६ ची जागा ईएन आयएसओ १६३२१ घेतंय, त्यामुळे काही वर्षं दोन्ही खुणा बाजारात दिसतील. आपलं भारतीय मानक आयएस ५९८३. विक्रेता नुसतं "इम्पोर्टेड आहे" म्हणाला तर कोरलेलं दाखवा म्हणायचं.

पण ही मानकं फक्त डोळ्याची बाजू बघतात. औषधाची बाजू आपल्यालाच बघावी लागते. कडेला फोमची गादी असलेला गॉगल मऊ लागतो, आणि फोम कण सोडतो, ओलावा धरतो, तो नको. पट्टा सुती किंवा विणलेल्या इलॅस्टिकचा असेल तर धुताना त्याचे धागे सुटतात, सिलिकॉनचा घ्यावा. समोरून आरपार भोकं असलेला गॉगल आतला श्वास आणि खपल्या सरळ बाहेर सोडतो आणि बाहेरचा थेंब आत घेतो, म्हणजे दोन्ही कामांत नापास. आडवळणाची छिद्रं असलेला किंवा बिनछिद्राचा, यातून निवडा. उघड्या वायलजवळ काम असेल तर बिनछिद्राचा.

काच बहुतेक पॉलिकार्बोनेटची असते. तडाखा सोसण्यात तिला तोड नाही आणि ती बहुतेक अतिनील किरणंही अडवते. पण ॲसिटोन आणि कडक अल्कली तिला मानवत नाहीत, आणि १२१ अंशांच्या वाफेत पुन्हा पुन्हा घातली की हळूहळू धुरकट होते, बारीक तडे जातात. एकदा वापरून टाकायचे गॉगल गॅमा किरणांनी निर्जंतुक करून दुहेरी पिशवीत येतात. पॉलिकार्बोनेटवर त्यानं हलकी पिवळसर झाक येते, ती बिघाडाची खूण नव्हे. एकदाच वापरायचे घ्यावेत की धुऊन वापरायचे, यावर खरेदी विभागाशी दरवर्षी चर्चा होते. नुसत्या गॉगलच्या किमतीची तुलना करू नका. धुण्याचं शुद्ध पाणी, ऑटोक्लेव्हची फेरी, पिशवी, नोंद आणि करणाऱ्याचा वेळ धरा. लहान युनिटला एकदाच वापरायचे बहुतेक वेळा परवडतात. स्थिर टीम असेल तर मी धुऊन वापरायचे घेईन, कारण मग प्रत्येकाच्या चेहऱ्याला बसणारा गॉगल त्याच्या नंबरनं ठेवता येतो.

बसणं हीच सगळ्यात दुर्लक्षित बाब. बरेच गॉगल मोठ्या चेहऱ्याच्या मापानं बनतात. लहान चेहऱ्याच्या मुलींना ते गालापाशी उघडे राहतात, बसक्या नाकावरून घसरतात, आणि त्या बिचाऱ्या पट्टा आवळत बसतात. आवळलेल्या पट्ट्यानं डोकं दुखतं आणि हात पुन्हा पुन्हा वर जातो. दोन मापं ठेवा. पूर्ण गाऊन घालून आरशासमोर उभं करा, खाली बघायला लावा, मान दोन्हीकडे वळवायला लावा, जोरात बोलायला लावा. हूड आणि गॉगलमध्ये कपाळाची रुपयाच्या कडेएवढी रेघ जरी उघडी पडली तरी माप बदला. चष्मेवाल्यांना चष्म्यावर बसणारा मोठा गॉगल किंवा आत नंबरची काच अडकवायची सोय असलेला गॉगल द्यावा.

आता वाफेबद्दल, कारण खरं संकट तिथेच आहे.

पावसाळ्यात कात्रजच्या चढाला हेल्मेटची काच आतून पांढरी होते, तेच इथे होतं. चेहऱ्याजवळची हवा साधारण ३४ अंश गरम आणि घामा-श्वासानं भिजलेली. अशी पूर्ण ओली हवा एका घनमीटरमध्ये सुमारे ३७ ग्रॅम पाणी धरते. खोली २० अंशांवर ठेवलेली, म्हणून गॉगलची काच २२-२३ अंशांवर. २२ अंशांची हवा फक्त १९ ग्रॅमच्या आसपास पाणी धरू शकते. उरलेलं, म्हणजे जवळजवळ निम्मं, काचेवर बारीक थेंब होऊन बसतं. थेंब प्रकाश विखुरतात आणि समोर धुकं दिसतं. अँटी-फॉग लेप पाणी अडवत नाही. तो त्या थेंबांना पसरवून सपाट पातळ थर करतो, आणि त्यातून आरपार दिसतं. हा लेप नाजूक असतो. आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, मारून रोज खसाखसा पुसला की काही आठवड्यांत जातो, आणि मग लोक म्हणतात गॉगलच खराब निघाला.

वाफेचा मोठा वाटा मास्कच्या वरच्या कडेतून येतो. म्हणून गॉगल चढवायच्या आधी मास्कची नाकावरची तार दोन्ही बोटांनी दाबून नाकाच्या आकाराला बसवायची. स्कार्फ बांधून गाडी चालवणाऱ्या मुलींना हे सांगावंच लागत नाही, त्यांना थंडीतल्या सकाळी काचेवर येणारी वाफ ठाऊक असते. बस चुकली म्हणून धावत आलेल्या माणसाला लगेच गाऊनमध्ये घुसवू नका. पाच-दहा मिनिटं बसू द्या, घाम वाळू द्या.

एक मीडिया फिल आठवतं. मीडिया फिल म्हणजे औषधाऐवजी जंतूंना आवडणारं पोषक द्रव भरून घेतलेली पूर्ण रंगीत तालीम. सासवडची एक मुलगी, हाताची अतिशय हुशार, लाइनवर होती. तिसऱ्या तासाला तिचा गॉगल धुरकटला. तिनं बोटाच्या मागच्या सांध्यानं गॉगलची खालची कड क्षणभर उचलली, वाफ जाऊ दिली आणि काम पुढे चालू ठेवलं. कुणी पाहिलं नाही. बाहेर पडताना ग्लोव्हजचे ठसे प्लेटवर घेतले, त्यात काही दिवसांनी जंतूंच्या दोन वसाहती उगवल्या. ग्रेड ए मध्ये मर्यादा शून्य. चौकशी सुरू होण्याआधीच ती माझ्याकडे आली.

"मॅडम, मीच हात लावला. काही दिसत नव्हतं."

"मग बाहेर का नाही आलीस?"

"लाइन थांबली असती ना. पुन्हा सगळा गाऊन चढवायला वीस मिनिटं जातात, सगळे माझ्याकडे बघत बसले असते."

तिची चूक होती, पण तिला तिथे ढकलणारे आम्हीच होतो. त्यानंतर आम्ही एसओपीमध्ये, म्हणजे कामाच्या लेखी पद्धतीत, एक वाक्य घातलं: गॉगल धुरकटला तर हात वर करून लाइनपासून मागे सरकायचं, बाहेर यायचं, पूर्ण गाऊन बदलायचा, आणि याबद्दल कुणी कारण विचारणार नाही. एका माणसानं आत सलग किती वेळ काम करायचं, हेही वाफ बघून ठरवलं. आता दोन-अडीच तासांनी माणूस बाहेर येतोच.

चढवण्याची रीत थोडक्यात सांगते. आधी हूड, मास्क, गाऊन, बूट. मग पिशवी फाडून गॉगल फक्त पट्ट्याला धरून काढायचा, काचेला आणि आतल्या कडेला बोट नाही. समोरून चेहऱ्यावर टेकवायचा, पट्टा हूडवरून मागे न्यायचा, गॉगलची वरची कड हूडवर आणि खालची कड मास्कवर चढलेली आहे का ते आरशात बघायचं. त्यानंतर ग्लोव्हज निर्जंतुक करायचे किंवा वरचा जोड बदलायचा. गॉगल कपाळावर सरकवणं, गळ्यात लटकवणं अजिबात नाही. ज्या कपाळापासून औषधाला वाचवायचं तिथेच त्याला घासून आणल्यासारखं होतं. काढताना डोळे मिटायचे, मान थोडी पुढे, पट्टा मागून पुढे.

धुण्याची गोष्ट मात्र सावकाश. आधी शुद्ध पाण्याखाली धरायचा, म्हणजे काचेवरचे कण वाहून जातील. कोरडाच पुसला तर तेच कण काच खरवडतात. मग सौम्य साबण, पुन्हा पाणी. पुसायला कडा सीलबंद केलेलं विणलेलं पॉलिएस्टरचं वाइप, सुती फडकं नाही. वाइपची चौघडी घालायची, द्राव वाइपवर घ्यायचा, काचेवर फवारायचा नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच सरळ ओढ. मग घडी उलटून नवी बाजू, दुसरी ओढ. गोल गोल फिरवलं तर घाण फक्त जागा बदलते. वाळल्यावर पिशवीत, निर्जंतुकीकरण झाल्याची खूण दाखवणाऱ्या इंडिकेटरसह ऑटोक्लेव्हला, आणि रजिस्टरमध्ये त्या नंबरच्या गॉगलची कितवी फेरी ते लिहायचं. बनवणारा जेवढ्या फेऱ्या सांगतो तेवढ्याच. त्यानं पन्नास सांगितल्या असतील तर पन्नासावी संपली की एक्कावन्नावी नाही, गॉगल कितीही नवा दिसो.

लेझर आणि यूव्हीचं वेगळं आहे. लेझरचा गॉगल ठरावीक तरंगलांबीसाठीच असतो आणि त्यावरचा ओडी, म्हणजे प्रकाश अडवण्याचा आकडा, एकेकानं वाढला की प्रकाश दहापट कमी होतो. फक्त १०६४ नॅनोमीटरसाठीचा गॉगल घालून ५३२ च्या हिरव्या किरणासमोर उभं राहू नका. वस्तू आत-बाहेर द्यायच्या पास बॉक्समधल्या २५४ नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्याकडे क्षणभर बघितलं तर लगेच काही वाटत नाही. काही तासांनी, रात्री झोपेत, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचायला लागतं.

दर सोमवारी मी गॉगल एकेक करून ट्यूबलाइटसमोर तिरपे धरते. सरळ धरल्यावर लपणारे ओरखडे तिरप्या उजेडात चमकतात. ओरखड्यात घाण बसते ती वाइपनं निघत नाही, आणि दिवसभर अशा काचेतून वायलमधला काळा ठिपका शोधणाऱ्याचे डोळे दुखून येतात. असा गॉगल मी बाजूला काढते आणि टाकण्याआधी कात्रीनं पट्टा कापते. पूर्वी नुसताच डब्यात टाकायचे. मग एकदा टाकलेला गॉगल, त्याच ओरखड्यासकट, पुन्हा धुतलेल्या ट्रेमध्ये माझ्यासमोर आला. कुणीतरी चांगला आहे म्हणून वाचवला होता.